फरशी कुठे आहे?

बी-४०३: नमस्कार. १६ डिसेंबर चार दिवसांवर आला. जुन्या गेटापाशी दादांच्या आठवणीची कोरलेली फरशी होती, ती बिल्डरने काढली त्याला दोन वर्षं झाली. गेली कुठे? सकाळी १०२ च्या आजी काठी टेकत तिथे शोधत होत्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेक्रेटरी: वहिनी, कमिटीचं लक्ष आहे. नवा बोर्ड करायला टाकलाय.

ए-२०४: एजीएमचे मिनिट्स, पान ३. "फरशी आहे तशी नव्या गेटापाशी बसवावी." बोर्ड नाही, फरशी.

सी-३०१: [विमानाचा फोटो] वीर जवानांना शतशः नमन 🙏🙏

बी-६०१ काका: हे सुखोई आहे. ७१ मध्ये कुठलं सुखोई-३०? दादा कॅनबेरा बॉम्बर विमानावर होते.

सी-३०१: काका, भावना बघा ना.

बी-६०१ काका: भावना पोचली. विमान चुकलं.

डी-१०५: गेटाचा विषय निघालाच आहे तर तिथली काळी स्कूटर कोणाची? तिसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी: बोर्डाचा मजकूर: "सोसायटीचे सुपुत्र, १९७१ च्या युद्धातील शहीद वैमानिक यांच्या स्मरणार्थ." खाली कमिटी सदस्यांची नावं.

बी-४०३: त्यांचं एक नाव आणि तुमची सात?

खजिनदार: ती सात माणसं इथे फुकट राबतात, एवढंच सांगतो.

बी-६०१ काका: 'शहीद' हा शब्द फौजेत अधिकृत नाही. 'धारातीर्थी पडले' लिहा.

डी-१०५: हुतात्मा लिहा. मराठी शब्द वापरा जरा.

सी-३०१: मग सेक्रेटरीला काय लिहायचं? 😄

ए-२०४: मिनिट्स, पान ३.

बी-६०१ काका: आणि नॅव्हिगेटर? कॅनबेरात दोघं असायचे, पायलट आणि वाट दाखवणारा नॅव्हिगेटर. रात्री, एकेकटं विमान, जमिनीलगत जायचं आणि टार्गेटजवळ वर चढून बॉम्ब टाकायचे. त्यातल्या बी-आय ५८ प्रकारात माणसाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट फक्त पायलटला. पुढे नाकात बसलेल्या नॅव्हिगेटरने दारातून उडी मारायची. विमान पेटलं की पायलटने सीट ओढायची, का त्याच्यासाठी विमान सरळ धरून ठेवायचं? हे ज्याचं त्यानं ठरवायचं. दिल्लीच्या वॉर मेमोरियलमध्ये प्रत्येकाच्या नावाची ग्रॅनाइटची वेगळी वीट आहे, २५ हजारांहून जास्त. तिथे कोणाला गाळलेलं नाही.

सेक्रेटरी: काका, आदर आहेच. पण ते दुसरे गृहस्थ आपल्या सोसायटीचे नव्हते.

बी-४०३: वा.

ए-१०२ (नातू): आजी सांगतेय, मी टाइप करतोय. फरशीवर दोन्ही नावं आहेत. पणजीने मुद्दाम कोरून घेतली होती. त्या दुसऱ्या मुलाची आई दरवर्षी यायची, आमच्याकडेच उतरायची. आजीला बोर्ड नकोय. कार्यक्रमही नकोय.

खजिनदार: आजींना नमस्कार सांग. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

ए-२०४: सांगितलं होतं. पान ३.

डी-१०५: स्कूटर?

ए-२०४: माझीच आहे. आता पंपरूममध्ये आहे मी. मोटारीखाली एक काळी फरशी घातलीय. वरची बाजू कोरी. खालून हात घातला तर कोरलेलं लागतंय.

सेक्रेटरी: मोटार हलवली तर उद्या पाणी नाही, आधीच सांगतो.

बी-४०३: नसू दे.

डी-१०५: किती वाजेपर्यंत नाही?

ए-१०२ (नातू): आजी विचारतेय, दोन्ही नावं नीट आहेत का?

ए-२०४: मोटार उचलल्याशिवाय दिसणार नाही. दोघं-तिघं खाली या.