चर्चा: कार्बन-आयन केंद्राचा आयन सोर्स कोणी सांभाळायचा? रुग्णालयाने की कंपनीने?

निरंजन_बीमलाइन
खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासून कर्करोगावर प्रोटॉनच्या झोताने (बीम) उपचार मिळतात. कार्बनच्या विद्युतभारित अणूंनी (आयन) होणारे कार्बन-आयन उपचार मात्र भारतात अजून कुठेच नाहीत. ते येतील तेव्हा सगळ्यांचं लक्ष आयनांना वेग देणाऱ्या सिंक्रोट्रॉनकडे असेल आणि ते आयन जिथे तयार होतात त्या आयन सोर्सचा विषय 'देखभाल कंपनीकडे' एवढ्या एका ओळीत उरकला जाईल. माझा याला ठाम विरोध आहे. सोर्स चालवणारी, उघडणारी आणि साफ करणारी माणसं रुग्णालयाचीच हवीत.

कारण सांगतो. जर्मनीत हायडेलबर्गच्या केंद्रात सोर्ससाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात, जपानमध्ये गुन्माला मिथेन. हा वायू चुंबकीय क्षेत्रात कोंडून त्यावर मायक्रोवेव्ह सोडतात. १४.५ गिगाहर्ट्‌झला साधारण अर्ध्या टेस्लाच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन जोर धरतात आणि कार्बनच्या अणूवर आदळून त्याचे चार इलेक्ट्रॉन उडवतात. तो आयन हायडेलबर्गला २४ किलोव्होल्टने बाहेर ओढतात. उरलेले दोन इलेक्ट्रॉन पुढे लिनॅकनंतरच्या (सरळ रेषेत वेग देणारं यंत्र) पातळ फॉइलमध्ये निघून जातात.

कंट्रोल रूममध्ये यातले मोजके आकडे दिसतात. सोर्सच्या चेंबरच्या भिंतीवर बसत जाणारा कार्बनचा थर मात्र तिथे दिसत नाही. वायू तोच, पॉवर तीच, तरी आयनांचा करंट उतरू लागतो. पुलर (आयन बाहेर ओढणारा इलेक्ट्रोड) बाहेर काढला की त्याच्या तोंडाशी काळसर कडं असतं आणि इन्सुलेटरवर राखाडी चमक. ती कुठवर पसरली की स्पार्किंग सुरू होतं, हे दर वेळी स्वतः उघडून बघणाऱ्यालाच कळतं. फोनवरून ते कोण सांगणार?

मेधा_मेडिकल_फिजिक्स
निरंजन, मी अजिबात सहमत नाही. रुग्णालय म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. जपानमध्ये चिबाच्या केंद्रात प्रोस्टेटचा कार्बन उपचार बारा सत्रांत, तीन आठवड्यांत उरकतात. तिथे रुग्ण साच्यात बांधून टेबलावर झोपलेला असताना 'थोडा गॅस वाढवून बघू' म्हणणारा माणूस मला नको आहे.

जपानी लोकांनी याच कारणासाठी कायम चुंबकांचा 'केई' सोर्स बनवला. आधीच्या सोर्सवर जे चुंबकीय क्षेत्र सर्वांत चांगलं ठरलं, तेच कायमचं बसवून टाकलं. चुंबकीय क्षेत्र देणारी कॉइल नाही, तिची वीज नाही, रोज फिरवायची बटणंही कमी. तज्ज्ञ हाताशी नसतानाही यंत्र चालावं म्हणूनच हा खटाटोप.

आणि एक गोष्ट स्पष्ट करते, वाचणाऱ्यांचा गैरसमज नको. सोर्सचा करंट घटला म्हणून रुग्णाला चुकीचा डोस जात नाही. डोस मोजतो तो बीमच्या वाटेतला मॉनिटर चेंबर, आणि ठरलेला आकडा गाठला की बीम थांबतो. वाढतो तो वेळ. एक सोर्स बंद पडलाच तर दुसरा असतो: इटलीत पावियाच्या सीएनएओ केंद्राला सुरुवातीपासून दोन, ऑस्ट्रियात मेडऑस्ट्रॉनला तीन.

निरंजन_बीमलाइन
डोसबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मेधाताई, दुसरा सोर्स रिकामा बसलेला नसतो. तो बहुधा प्रोटॉनसाठी हायड्रोजनवर चालतो. तीन हायड्रोजनचा रेणू-आयन आणि चार विद्युतभारांचा कार्बन यांचं वस्तुमान-विद्युतभार गुणोत्तर सारखंच, म्हणून पुढचा लिनॅक दोघांना चालतो. त्या सोर्समध्ये वायू बदलता येतो, पण बीम लगेच स्थिरावत नाही, चेंबरच्या भिंतींना नव्या वायूशी जुळायला वेळ लागतो. तो वेळ कोणाच्या देखरेखीखाली जाणार?

जुना_मेंटेनन्सवाला
दोघांनाही एक सांगतो. कायम चुंबक बंद करता येत नाही. साधा पोलादी पान्हा नेला तर तो हातातून खेचला जाऊन आतल्या सिरॅमिकवर आदळेल. चुंबकविरहित हत्यारं लागतात, आणि हाय व्होल्टेज उतरवून अर्थिंगची काठी लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही. दुसरी भीती पाण्याची. थंड पाण्याचा फिल्टर तुंबला, फ्लो स्विच अडकला आणि चुंबक तापला, की त्याची ताकद कायमची जाते. ते काम रुग्णालयात होत नाही, कंपनीलाच बोलवावं लागतं. फिल्टर बघणं मात्र रोजचं काम आहे.

एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, अनुभव बघता (वेगळ्या यंत्राचा, नाव घेत नाही) फोनवर माणूस मिळतो, सुटा भाग महिनोन्‌महिने येत नाही. म्हणून स्पेअर पुलर आणि इन्सुलेटर कपाटात असलेच पाहिजेत, करार कोणाशीही असो.

सुयोग_नागपूर
पण माणसं आणायची कुठून? सरकारी रुग्णालयात तंत्रज्ञांची पदं रिकामी असतात. सोर्स कळणारे दोघं तयार केले आणि दोघंही परदेशी गेले तर? मेधाताईंचा मुद्दा मला इथे पटतो. कंपनी निदान बदली माणूस देईल.

निरंजन_बीमलाइन
माणसं घडवायची सोय घरातच आहे, सुयोग. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १४.५ गिगाहर्ट्‌झचा सुपरनॅनोगॅन नावाचा सोर्स आहे. हायडेलबर्ग, पाविया आणि मेडऑस्ट्रॉनला हेच मॉडेल वापरतात. दिल्लीच्या आययूएसी आणि कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन केंद्रांतही अशा सोर्सवर वर्षानुवर्षं काम झालंय. केंद्राची इमारत उभी राहायच्या आत चार जणांना तिथे सोर्स उघडायला आणि परत जोडायला शिकवा. दोघं गेले तरी दोघं उरतील.

मेधा_मेडिकल_फिजिक्स
शिकवा, माझी हरकत नाही. पण आमच्या उपचाराच्या वेळेत ट्यूनिंग चालणार नाही, या अटीवर मी ठाम आहे. सेटिंगला हात लावायचा तो रात्री, आणि सकाळी पहिल्या रुग्णाआधी बीमची तपासणी फिजिसिस्टच्या सहीने. सोर्स उघडायचा तर तो ठरलेल्या शटडाउनमध्ये. हे लेखी असेल तर पगार कोणाचा यावर मी भांडत बसणार नाही.

निरंजन_बीमलाइन
रात्रीची अट मान्य. पण दुपारी स्पार्किंग सुरू झालं तर व्होल्टेज उतरवायचं की सोर्स बदलायचा, हे तिथल्या तिथे ठरवायचा अधिकार शिफ्टवरच्या माणसाला हवा. त्यासाठी कंपनीच्या ईमेलची वाट बघायला लागू नये. माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठीच आहे.