स्तनांची घरी तपासणी : मदत हवी आहे

नमस्कार. मी देवगडजवळच्या गावात राहते. पाळी संपल्यावर काही दिवसांनी, पाठीवर झोपून, खांद्याखाली उशी घेऊन, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान वर्तुळे काढत गळ्याखालच्या हाडापासून काखेपर्यंत स्तन चाचपावेत, हे आशाताईंनी मला नीट समजावले आहे. माझी अडचण पुढची आहे. दोन्ही बाजूंना, विशेषतः काखेकडच्या भागात, सारखाच गुठळ्यांसारखा खडबडीतपणा लागतो. तो नैसर्गिक असू शकतो हे ठाऊक असले, तरी वेगळी, कडक गाठ त्यातून बोटांना ओळखू कशी येते? सासूबाईंची पाळी थांबली आहे, त्यांनी महिन्याची एक तारीख ठरवली तर चालेल ना? (त्या डॉक्टरांसमोर हा विषय काढतच नाहीत.) सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत स्त्री डॉक्टरांकडून तपासणी व मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) कुठे होते, हे अनुभवी भगिनींनी कृपया सांगावे.