कर्जबाजारी घराला हिशेब शिकवून काय होणार? मंडळाच्या ठरावावर चर्चा

मांडवीचा_मुनीम

आमच्या मंडळाच्या बैठकीत एक ठराव आला. गणपतीच्या वर्गणीतून जे शिल्लक राहिलंय त्यातून ऑर्केस्ट्रा नको, रविवारी सकाळी कुटुंबांसाठी पैशाच्या हिशेबाचे वर्ग घ्यावेत. हप्ते कसे आवरायचे, कर्ज कोणत्या क्रमाने फेडायचं, व्याजखोराच्या तावडीतून कसं सुटायचं. निम्मे लोक हसले. एकजण म्हणाला, "बडोद्याच्या मराठी माणसाला आता पाढे शिकवणार का?" ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला. तोवर इथे बोलू.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेत, वसुलीच्या कामात झाली. थकबाकीदाराच्या घरी जाऊन बसलं की एक गोष्ट हमखास दिसायची: घरावर एकूण किती कर्ज आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. नवऱ्याला पगारावरचं आणि क्रेडिट कार्डाचं माहीत. बायकोला सोनं कुठे ठेवलंय ते माहीत. मुलाने मोबाइलवर घेतलेलं त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. म्हाताऱ्या वडिलांनी कुणाच्या तरी कर्जाला जामीन म्हणून सही ठोकलेली, ती तर सगळेच विसरलेले. आणि करार कायदा 1872 सालापासून सांगतोय की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच.

म्हणून माझं म्हणणं, वर्गात आख्खं घर एकत्र बसवा. गुंतवणूक, शेअर, म्युच्युअल फंड यांचं नावही काढू नका. एक कागद घ्या आणि लिहा: कुणाचं, किती उरलंय, महिन्याला व्याज किती रुपये, हप्ता कोणत्या तारखेला, तारण काय. व्याज रुपयांतच लिहायचं. टक्क्याने माणूस घाबरत नाही.

समजा कार्डावर 60,000 थकलेत, व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे 2,100 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 378. तुम्ही "मिनिमम ड्यू", म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून 3,000 भरलेत तर मुद्दलातून गेले फक्त 522. हे गणित वसुलीला गेलेल्या घरांत मी पाटीवर मांडल्यासारखं मांडलं, आणि शिकलेसवरलेले लोक गप्प झाले. युनिव्हर्सिटीत शिकवणारेसुद्धा.

नवापुरेकर

मुनीमकाका, गणित पटलं. पण माझं उत्तर ऐका.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ठेकेदाराकडे आहे. पगार 7 तारखेला म्हणतात, येतो कधी 12 ला, कधी 15 ला. हप्ता 5 ला कापला जातो. खात्यात पैसे नसले की बँक परतीचा दंड लावते, कर्ज देणारी कंपनी वेगळा लावते. दोन्ही भरले की किराण्याचे गेले, मग किराणावाल्याकडे उधारी. यात मला न येणारं गणित कोणतं? तुमचा कागद मी डोक्यात रोज लिहितो.

वडिलांच्या काळी पक्की नोकरी होती, क्वार्टर होतं, पतसोसायटीचं कर्ज पगारातून कापलं जायचं. ते काय हिशेबात माझ्यापेक्षा हुशार होते? नाही. त्यांचा पगार 1 तारखेला यायचा, एवढंच. कर्ज हे अडाणीपणामुळे होतं हा पेन्शनवाल्यांचा गोड गैरसमज आहे. राग मानू नका.

टक्केवारी

@नवापुरेकर, तुमचा मुद्दा खरा आहे, पण हप्त्याची तारीख बदलून मागता येते. शाखेत लेखी अर्ज द्या. बऱ्याच जागी देतात. आणि दंडाबद्दल: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एप्रिल 2024 पासून नव्या कर्जांवर दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवायला बंदी आहे. वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हाही नियम आहे. हे ज्याला माहीत नाही तो गुपचूप भरतो. मग वर्ग कशाला नको?

नवापुरेकर

अर्ज दिला. "सिस्टममध्ये होत नाही" म्हणाले. रात्री साडेनऊला फोन करणाऱ्याला नियम सांगितला तर त्याने माझ्या मेव्हण्याला फोन लावला. नियम मला माहीत असून काय उपयोग, माझ्या बाजूने बोलायला कुणी सोबत येणार आहे का? मंडळाने माणूस दिला तर बोला. फळा-खडू नको.

अर्धा_कप

मला वेगळीच भीती. शिकवणार कोण?

आमच्या सोसायटीत अशीच "आर्थिक साक्षरता" झाली होती. पाहुणे आले, आधी महागाईचा आलेख दाखवला, मग मुलीच्या लग्नाचा खर्च, मग सगळ्यांच्या हातात समोसा आणि दुसऱ्या हातात फॉर्म. कर्जात असलेल्या माणसाने वर्षाला 50,000 हप्त्याची पॉलिसी घेतली. दोन वर्षांनी झेपेना म्हणून सोडली, हातात आलं भरल्यापेक्षा बरंच कमी. आता तो माणूस "साक्षर" आहे.

मंडळाने पहिली अट लिहावी: ज्याला कमिशन मिळतं तो फळ्यापाशी उभा राहणार नाही. ही अट टाकली की आमच्या कार्यकारिणीतले किती शिक्षक उरतात ते बघतो मी.

कारेलीबागची_काकू

मुनीमभाऊ, तुम्ही घरोघरी गेलात, पण पुढच्या खोलीतच बसलात. स्वयंपाकघरात काय चालतं ते मी सांगते.

"आख्खं घर एकत्र बसवा" म्हणता. म्हणजे बायकोने आपल्या विशीचे, म्हणजे भिशीचे, पैसेही त्या कागदावर लिहायचे? आमच्या विशीत बारा बायका, महिना 2,000. ज्या महिन्यात जिचा नंबर तिला 24,000. निम्म्यांच्या घरी माहीतच नाही. आणि माहीत नाही म्हणूनच ते पैसे टिकलेत! आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांना रात्री ॲटॅक आला तेव्हा दवाखान्यात जे भरले ते विशीचे होते, नवऱ्याच्या खात्यात शिल्लक नव्हती. त्याच नवऱ्याला आधी कळलं असतं तर त्या पैशांची नवी बाईक आली असती.

हिशेब उघडा करायचा, तर ज्याच्या हाताला भोक आहे त्याचा आधी.

मांडवीचा_मुनीम

काकू, दवाखान्याचं मान्य. पण एका बाजूला डब्यात 24,000 आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रकमेवर महिना 840 व्याज, हे घर स्वतःचाच खिसा कापतंय. आधी कार्ड फेडा.

कारेलीबागची_काकू

आणि कार्ड रिकामं झाल्यावर त्याने पुन्हा भरलं तर? तेव्हा कर्जही असेल आणि डबाही रिकामा. तुमचं गणित कागदावर बरोबर आहे, माणूस त्या कागदावर नाही.

आधी कार्ड बंद केल्याचं पत्र आणा, मग मी डबा उघडते. क्रम असा.

टक्केवारी

काकू 1, मुनीम 0.

एक भर घालतो. दवाखान्याचं कर्ज हाच विषय असेल तर पहिल्याच रविवारी सगळ्यांकडून आयुष्मान कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याची कार्डं, काढून घ्यावीत. गुजरातमध्ये जुलै 2023 पासून पात्र कुटुंबांना वर्षाला 10 लाखांपर्यंतचं कवच आहे. आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, 5 लाखांचं. मांजलपूरला माझ्या ओळखीच्या घरात आजोबा 74 वर्षांचे, मुलगा महिना 10 टक्क्याने पैसे उचलून बसला, आणि कार्ड काढायला कुणी गेलंच नव्हतं. 50,000 वर महिना 5,000, वर्षात 60,000 व्याज आणि मुद्दल जागच्या जागी. हे अज्ञान नाही तर काय, @नवापुरेकर?

नवापुरेकर

हे अज्ञान आहे, कबूल. पण त्याला 10 टक्क्यानेच का घ्यावे लागले? कारण दुसरं कुणी उभं करेना. रात्री 11 वाजता दवाखाना डिपॉझिट मागतो तेव्हा बँक बंद असते, व्याजखोर जागा असतो.

2023 च्या जानेवारीत पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढली होती, लोकदरबार भरवले होते. चांगलं झालं. पण तक्रार केल्यावर पुढच्या वेळी पैसे कोण देणार, या विचाराने माझ्या ओळखीचे दोघे गेलेच नाहीत.

म्हणून माझी उलट सूचना. वर्गावर खर्च करू नका, त्याच पैशातून मंडळाचा तातडीचा निधी काढा. 10,000 पर्यंत, बिनव्याजी, सहा महिन्यांत परत.

दांडियाबाजारकर

नवापुरेकरांना दाद. 1889 साली याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. सहकारी कायदा देशात आला 1904 ला, म्हणजे आपण पंधरा वर्षं पुढे. नंतर 1908 ला सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. तेव्हाच्या मध्यमवर्गाने प्रवचनं झोडली नाहीत, एकमेकांना कमी व्याजात पैसे दिले.

अर्धा_कप

दांडियाबाजारकर, बडोद्यात कुठलाही वाद सयाजीरावांपर्यंत गेला की तो संपला असं समजतात. पण 10,000 घेऊन सहा महिन्यांत न देणाऱ्याच्या दारात कोण जाणार? आरतीला शेजारी उभा असतो हो तो! मागणार कसे? मुनीमकाकांना पुन्हा वसुलीला जुंपणार का?

मांडवीचा_मुनीम

मी जाणार नाही, आत्ताच सांगतो. ओळखीतली वसुली ही सगळ्यांत वाईट. परक्याला नोटीस देता येते, भाच्याच्या सासऱ्याला नाही. बिनव्याजी निधी दोन गणपती टिकेल, तिसऱ्याला वर्गणी बंद होईल. पतसंस्था जामीन, सही, शिक्का मागते म्हणून चालते, आणि तेच मंडळाला जमणार नाही.

नवापुरेकर, सोबत माणूस हवा हे मात्र मी लिहून घेतलं. शाखेत अर्ज द्यायला, पोच घ्यायला मी येतो. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत.

वाघोडियारोड

सगळे कार्ड आणि व्याजखोरावर बोलताय. आमच्या भागातलं सगळ्यांत मोठं कर्ज कुणी कर्ज म्हणतच नाही: मुलाला कॅनडाला पाठवलंय ते.

घर गहाण, वर फी, वर राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम जानेवारी 2024 ला 10,000 कॅनेडियन डॉलरवरून 20,635 झाली, आणि त्यानंतर आणखी वाढलेली. शिकत असताना हप्ता नाही म्हणून घरात आनंद, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. मुलगा तिकडे भाडं भरून दमलेला, हप्ता सुरू झाला की इकडे बाप निवृत्तीच्या पैशातून भरतो. या कर्जाबद्दल पेढे वाटलेत, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. मंडळात सत्कार झालेला असतो ना!

वर्ग घ्यायचेच तर बारावीच्या मुलांना बसवा. बापाचा पगार किती, कर्ज किती वर्षांचं, हे त्यांच्या समोर बोला. मुलगा आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासला जायच्या आधी, नंतर नव्हे.

कारेलीबागची_काकू

वाघोडियारोड, हे अगदी खरं. पण कोणता बाप सोळा-सतरा वर्षांच्या मुलासमोर पगार सांगतो आपल्यात? लग्न होईपर्यंत आमच्या ह्यांचा पगार सासूबाईंनाही नक्की माहीत नव्हता.

टक्केवारी

तरुणांसाठी आणखी एक. दुकानात "फक्त 12 टक्के फ्लॅट" ऐकून हप्त्यावर वस्तू घेतात. 50,000, दोन वर्षं, व्याज 12,000, हप्ता 2,583. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण 50,000 वरच धरलेलं. खरा दर जवळपास साडेएकवीस टक्के पडतो. सोन्यावरचं कर्ज यापेक्षा बरंच स्वस्त मिळतं, पण बांगड्या बँकेत ठेवायच्या म्हटलं की अब्रू जाते, आणि हप्त्यावर टीव्ही आणला की अब्रू वाढते.

अर्धा_कप

आता मूळ अडचण सांगू? कुणी येणारच नाही. मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी "कर्जमुक्ती वर्ग" असा फलक लागला की दारात जो चप्पल काढेल त्याची बातमी सेव-उसळीच्या गाडीवर दहा वाजायच्या आत पोचेल. मुलीचं स्थळ बघायला आलेल्यांना पहिली तीच कळेल.

मांडवीचा_मुनीम

म्हणून तर म्हणतो, सगळ्यांनाच बोलवा. कार्यकारिणीने आधी बसावं.

कारेलीबागची_काकू

कार्यकारिणी समोर बसली तर मी मुळीच येणार नाही. वर्गणीची यादी तेच करतात. कुणी किती दिले ते फलकावर लिहितात, उद्या कुणाचं किती थकलं तेही मनात लिहितील. हॉल नको. दुपारी कुणाच्या तरी घरी, चार-पाच बायका, आणि शिकवायला बाईच हवी. पुरुषांचा वर्ग वेगळा. एकत्र कागद ज्याला करायचा तो घरी जाऊन करेल. आणि ज्या घरात व्याजखोराची धमकी आहे तिथल्या बाईला सांगा की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिला वकील फुकट मिळतो, उत्पन्न न बघता. 15100 वर फोन लागतो. हे तुमच्या फळ्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

मांडवीचा_मुनीम

वेगळे वर्ग केले तर दोघं दोन कागद लिहितील आणि बेरीज पुन्हा कुणीच करणार नाही. काकू, मला हे पटत नाही. पण आधी बायकांचा वर्ग होऊ दे, मी ठरावात तसा बदल सुचवतो.

नवापुरेकर

बदल करताच आहात तर माझाही घाला. दर वर्गाला एक जण असा ठेवा जो दुसऱ्या दिवशी शाखेत, पोलीस चौकीत, दवाखान्याच्या काउंटरवर सोबत येईल. नावानिशी, वारानिशी. सोमवारी माझी रजा मिळत नाही, शनिवारी मिळते. हे कलम नसेल तर माझं मत ऑर्केस्ट्राला.