मदत हवी आहे: आईला १४ वर्षं मधुमेह, पण पॅप स्मिअर एकदाही नाही

नमस्कार मंडळी. आई ५४ वर्षांची आहे. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (सरासरी साखरेची रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळे, किडनी, पाय, सगळं वेळच्या वेळी होतं. इतकी जाडजूड फाइल, पण पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच्या तपासणीचा, एक कागद त्यात नाही! १४ वर्षांत कुणी विचारलंही नाही. शुगरचे डॉक्टर म्हणतात, हे स्त्रीरोगतज्ज्ञांचं काम. आणि आई म्हणते, मला काही त्रास नाही, मग तिकडे कशाला जायचं? त्रास नसतानाच करायची ही तपासणी, हे तिला पटतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं उद्दिष्ट आहे की ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत चांगल्या दर्जाची तपासणी व्हावी. आईची दोन्ही वयं हुकली. सतत दवाखान्यात असणारी बाईच यातून सुटते, याचा मला जास्त राग येतो. (माझाही दोष आहे, मीही कधी विचारलं नाही.)

तिला वरचेवर बुरशीचा संसर्ग होतो. तो असताना पॅप स्मिअर कधी कधी नीट वाचता येत नाही असं कळलं. मग आधी उपचार करून घ्यायचे का? एचपीव्ही (हा कर्करोग ज्यामुळे होतो तो विषाणू) चाचणीसाठी नमुना स्वतः घेता येतो, तो कुणी घेतलाय का? लाजेमुळे आईला तेच सोपं जाईल. आणि मुख्य म्हणजे, तुमच्या आईला, सासूबाईंना तुम्ही कसं तयार केलंत?