पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघायचं की समोरच्या माणसाकडे?

पहिल्या रांगेतली काकू

मुलाकडे मॉस्कोत आले आहे. गेल्या शनिवारी तो आणि सूनबाई मला नाटकाला घेऊन गेले. एकाच प्रयोगात तीन जुन्या रशियन प्रेमकथा: दस्तयेव्हस्कीची पीटर्सबर्गच्या शुभ्र रात्रींची, चेखवची कुत्रं घेऊन फिरणाऱ्या बाईची आणि कुप्रिनची गार्नेटच्या (लाल खड्यांच्या) कंकणाची. मागे भला मोठा पडदा, पुढे जाळीचा आणखी एक, रंगमंचावर कॅमेरा घेऊन फिरणारी एक मुलगी. घंटा मात्र आपल्यासारख्याच तीन. तेवढ्यानेच जरा घरच्यासारखं वाटलं.

मला रशियन 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको' एवढंच येतं. म्हणून तिन्ही कथा आधी इंग्रजीतून वाचून गेले होते. वर इंग्रजी ओळी येत होत्या, पण पहिल्या रांगेतून त्या वाचायच्या तर मान मोडते.

पहिली कथा म्हणजे नेव्हा नदी, कालवे, पूल आणि न मावळणारा उजेड. सगळं सुंदर, सहल कंपनीच्या जाहिरातीसारखं. त्यात आंधळी आजी नातीचा झगा टाचणीने स्वतःच्या झग्याला टाचून ठेवते ना, ती टाचणी पडद्यावर बसएवढी दिसली. टाचणाऱ्या आजीचे हात कुठेच नाहीत.

दुसऱ्या कथेत समुद्रकाठच्या याल्टा गावच्या हॉटेलातली खोली. आन्ना, म्हणजे ती कुत्रंवाली बाई, रडतेय, 'आता तुम्हीच पहिले माझा मान ठेवणार नाही' म्हणतेय, आणि तिचा प्रियकर गुरोव्ह कलिंगडाची फोड कापून सावकाश खातोय. तेव्हा सगळे पडदे काळे. नुसता सुरीचा आवाज. पहिल्या रांगेत कलिंगडाचा वास आला हो! फेब्रुवारीत, बाहेर उणे पंधरा असताना. सूनबाईने माझा हात घट्ट धरला होता, बहुतेक तिच्याही नकळत.

तिसरीत माझी पंचाईत झाली. तो बिचारा कारकून झेल्तकोव्ह माझ्यापासून दहा फुटांवर, पाठमोरा. त्याचा रडणारा चेहरा वर पडद्यावर, दोन मजली घराएवढा. त्यात ओठ आणि आवाज यांचा मेळ नव्हता. मी शेवटपर्यंत त्या पाठीकडेच बघत बसले. घरी आल्यावर वाटलं, बघायचं ते सोडून भलतंच तर नाही ना बघितलं?

पुढच्या महिन्यात तुर्गेन्येव्ह आणि बुनिन यांच्या कथांवरचा असाच प्रयोग आहे. मुलगा तिकिटं काढतोय. जाऊ, की सरळ बिनव्हिडिओचं एखादं नाटक बघू? आणि हो, कोट परत मिळायला पंचवीस मिनिटं रांगेत उभी होते, ते वेगळंच.

विंगेतला

काकू, मी प्रकाशयोजना करतो, म्हणून आधी ओठांचं सांगतो. कॅमेऱ्यातलं चित्र यंत्रांमधून पडद्यावर पोचेपर्यंत सेकंदाचा काही अंश जातो. आवाज मात्र नटाच्या तोंडून थेट तुमच्या कानात. मागे बसलेल्यांना आवाजही किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे त्यांना हा फरक कमी जाणवतो. पहिल्या रांगेत लपवायला जागाच नाही.

जाळीच्या पडद्याची गंमत अशी की पुढून तिरका उजेड टाकला की तो भिंतीसारखा दिसतो. पुढचा उजेड काढून मागे दिवा लावला की विरघळतो. पण पडद्यावर चित्र असताना समोरून दिवे मारता येत नाहीत, चित्र फिकं पडतं. मग नटांना बाजूने उजेड देतात आणि चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात जातो. नट अंधारात म्हणून कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचं चित्र दिसावं म्हणून पुन्हा अंधार! कलिंगडाच्या वेळी पडदे बंद होते, म्हणून तुम्हाला माणूस दिसला. पाठीकडे बघितलंत ते उत्तम केलंत. पाठमोरं उभं राहून प्रवेश धरून ठेवणं सोपं नसतं.

अहो-जाहो

व्हिडिओपेक्षा त्या इंग्रजी ओळींनीच तुमचं जास्त नुकसान केलं असं मला वाटतं. रशियनमध्ये आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे. चेखवच्या त्या कथेत (१८९९ ची) हॉटेलच्या खोलीत गुरोव्ह आन्नाला 'तू' म्हणू लागतो. ती मात्र 'तुम्ही'च म्हणते. स्टेशनवर निरोप घेताना 'तुम्ही', पुढे थिएटरच्या जिन्यात घाबरून 'मी मॉस्कोला येईन तुमच्याकडे' म्हणते तेव्हाही 'तुम्ही', तेही त्याचं नाव वडिलांच्या नावासकट घेऊन, द्मीत्री द्मीत्रिच. खोलीत तो 'अगं' आणि ती 'अहो', आणि जिन्यात तोही पुन्हा 'अहो'वर! इंग्रजीत दोघंही एकाच पातळीवर येतात आणि हा सगळा संसार गायब होतो. मराठीतून वाचली असतीत तर तिथल्या तिथे कळलं असतं.

तुमच्या 'तुम्हीच पहिले' मध्ये तो 'तुम्ही' आपोआप आलाय बघा.

बाल्कनीवाला

मी इथे शिकतो, हाच प्रयोग वरून पाहिलाय. व्हिडिओला इतकं झोडपू नका. कथेत गुरोव्ह आन्नाच्या गावच्या थिएटरात तिला शोधत येतो, आणि ती येऊन तिसऱ्या रांगेत बसते. त्या वेळी कॅमेरा आपल्याकडे वळला आणि पडद्यावर आपणच सगळे! गुरोव्ह खरोखर आपल्यात कोणाला तरी शोधतोय असं वाटलं. हे साध्या नाटकात कसं करणार?

तुर्गेन्येव्हची कोणती कथा आहे? 'पहिलं प्रेम' (१८६०) असेल तर जाच, पण मागे बसा. त्यात सोळा वर्षांचा मुलगा गल्लीतून, लांबून बघतो: त्याचा बाप झिनाइदाच्या, म्हणजे त्या मुलाचं जिच्यावर प्रेम आहे तिच्या, उघड्या हातावर चाबूक मारतो आणि ती त्या लाल वळाचं चुंबन घेते. कॅमेरा जवळ नेलाच, तरी तुम्ही त्या मुलाइतक्या लांब असायला हव्यात.

कोटाचं सोपं आहे. कोट देतानाच तिथे नाटकाची दुर्बीण भाड्याने घ्या. निघताना ती परत करणाऱ्यांना कोट बिनरांगेचा देतात. अर्ध्या लोकांच्या दुर्बिणी डोळ्यांपर्यंत जातसुद्धा नाहीत.

पहिल्या रांगेतली काकू

बाल्कनीवाले, कॅमेरा आमच्याकडे वळला तेव्हा मी काय केलं माहितीये? पडद्यावर स्वतःला बघून केस सारखे केले. सूनबाई अजून हसतेय. पण खरं आहे तुमचं, त्या क्षणी माझ्याही पोटात गोळा आला होता, गुरोव्हची नजर माझ्यावर थांबतेय की काय म्हणून.

अहो-जाहो, काल मुलाला समोर बसवून जिन्यातला प्रसंग रशियनमधून मोठ्याने वाचायला लावला. शब्द कळत नव्हते, पण तो 'व्ही' (त्यांचं 'तुम्ही') आला की मी बोट वर करायची. किती वेळा करावं लागलं!

तिकिटं काढायला सांगितली आहेत, बाराव्या रांगेची. तुर्गेन्येव्हची 'पहिलं प्रेम'च आहे. दुर्बीणही घेणार, पण चाबकाच्या वेळी मांडीवर ठेवीन.