गटारी जवळ आली आहे. धाकट्या भावाला कसे सांभाळावे?

प्रश्न :
माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून दोन महिन्यांपूर्वी घरी आला असून तेव्हापासून त्याने दारू घेतलेली नाही. आता आषाढ संपत आला आहे आणि गटारीच्या बेतासाठी जुन्या मित्रांचे फोन येऊ लागले आहेत. आई रोज त्याचे खिसे तपासते, आणि एका नातेवाइकाने तर दारू सोडवण्याची गोळी त्याच्या नकळत भाजीत मिसळावी, असे सुचवले आहे. आम्ही काय करावे?

उत्तर १ (समुपदेशक) :
ताई, गोळी कृपया मिसळू नका. ती बहुधा डायसल्फिरम असावी. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास शरीरात असिटाल्डिहाइड हे दारूपासून बनणारे विषारी द्रव्य साचते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि क्वचित प्राणावरही बेतते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणूनच ती रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोनसारखी औषधेही आहेत; त्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते.

उत्तर २ :
मी नऊ वर्षे दारूपासून दूर आहे आणि आजही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या सभांना जातो. पहिल्या वर्षात मी दोनदा घसरलो, आणि दोन्ही वेळा ग्लास हातात येण्याच्या कितीतरी दिवस आधी सभा चुकवणे, जेवणाची वेळ टळणे, जागरण, चिडचिड आणि ‘आता मला जमते’ ही भाषा सुरू झाली होती. खिशात यातले काहीच सापडत नाही. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांकडे मात्र घरच्यांचे लक्ष हवे.

गटारीची संध्याकाळ कुठे घालवायची, हे त्यालाच विचारून आज ठरवा. तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्या वेळात कोणाला फोन करायचा, हेही ठरलेले असू द्या. तरीही तो घसरलाच, तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. पहिल्या वेळी आम्ही लाजेपोटी लपवले आणि माझे पिणे चार महिने चालले. दुसऱ्या वेळी पत्नीने न भांडता केंद्रात फोन लावला आणि ते एका रात्रीवर थांबले.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. गोळीचा विषय आम्ही बंद केला आहे. भावाला विचारले, तेव्हा त्या संध्याकाळी सभेला जाऊन रात्री घरीच मटण खायचे, असे तो स्वतःहून म्हणाला. खिसे तपासणे थांबवण्याबद्दल आईशी आज बोलणार आहे. तिला ते जड जाईल.