मदत हवी आहे: बाबांना सीएलएल (रक्ताचा एक कॅन्सर), स्टेज शून्य

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. बाबा ६८ वर्षांचे, रोज कुळागरात राबणारे, कसलाही त्रास नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ४२,००० निघाल्या, त्यातही बहुतेक लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार). पुढे फ्लो सायटोमेट्रीत (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, ठरला. हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स ठीक. गाठी नाहीत, पाणथरी वाढलेली नाही. म्हणून या आजाराची स्टेज ठरवणाऱ्या राय पद्धतीप्रमाणे स्टेज शून्य.

डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध नको, दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. घरात हेच कोणाला पटत नाही. रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर आई रडून रडून अर्धी झाली आहे, आणि काका तर आजच मुंबईला टाटा हॉस्पिटलात न्या म्हणून मागे लागलेत. एएलएल, एएमएल हे रक्ताच्या कॅन्सरचे अक्यूट प्रकार झपाट्यानं वाढतात, तिथे उपचार लगेच लागतात. सीएलएल बहुधा सावकाश चालतो, लक्षणं नसताना लवकर केमो देऊन आयुष्य वाढत नाही, एवढं मी समजून घेतलंय. पण आईला हे कसं सांगू?

ज्यांच्या घरी कोणी असं नुसत्या देखरेखीखाली आहे, त्यांनी कृपया लिहा. १७पी आणि आयजीएचव्ही या कॅन्सरपेशींतले जनुकीय बदल पाहणाऱ्या तपासण्या तुम्ही आताच केल्या की उपचार ठरताना? न्यूमोनियाची लस घेतली का? गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवत असाल तर बांबोळीला नियमित तपासणीचा अनुभव कसा आहे? आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन कोणी या आजारात करून घेतलंय का? बाबांना सध्या तीच एक काळजी आहे.